केराची पाटी

गोदावरीच्या काठच्या गंगाखेडची ओळख आजही जनाबाईच्या नावाने दिली जाते. दमा आणि करुंड या जोडप्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली, त्यांच्या मुलाच्या, म्हणजे नामदेवांच्या, भरल्या घरात जन्मभर राबली आणि आपल्या अभंगांत स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. त्यांपैकी एकात जनी घर झाडते आहे आणि देव मागून येऊन केर भरतो आहे. भरलेली पाटी तो डोक्यावर घेतो आणि लांब नेऊन टाकतो. महाराष्ट्रात हा अभंग इतक्या लहान वयात कानावर पडतो की त्यातले धाडस पुढे जाणवेनासे होते. देवाला फुले वाहावीत, नैवेद्य दाखवावा, त्याच्यापुढे नाचावे, हे पुष्कळ धर्मांत आहे. देवाच्या डोक्यावर केराची पाटी देणे ही वेगळीच गोष्ट आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका दासीने सुमारे सातशे वर्षांपूर्वी धर्मविचारात टाकलेली ही भर आहे आणि ती अजून पुरती ऐकली गेलेली नाही, असे मला वाटते.

घरकाम हीच पूजा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कीर्तनात म्हणतात, मुलीची पाठवणी करताना म्हणतात, मासिकांच्या दिवाळी अंकांत लिहितात. पण ऐकणारी बहुतेक वेळा बाई असते आणि सांगणाऱ्याने त्या दिवशी केरसुणी हातात घेतलेली नसते. त्यामुळे विचार करणाऱ्या बायकांना या वाक्याचा राग येतो आणि तो राग योग्य आहे. तरीही मला हे वाक्य टाकून द्यावेसे वाटत नाही. ते खरे आहे, फक्त त्याच्यासोबत एक अट येते आणि ती अट सांगायचे राहून जाते. पूजा ज्याची त्याने करायची असते. घर झाडणे, भाकरी थापणे, भांडी घासणे ही जर पूजा असेल, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून आपण पुण्यवान राहू शकत नाही. आपल्या परंपरेतूनच हे सिद्ध करता येते. त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही.

सुरुवात भाकरीपासून करू, कारण हा ज्वारीचा मुलूख आहे. परातीत पीठ घ्यायचे, मधोमध आळे करून त्यात उकळते पाणी ओतायचे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि थोडासा चिवट होतो, तेवढ्याच बळावर भाकरी उभी राहते. मग तळहाताच्या टाचेने पीठ रगडायचे, गोळा करायचा, खाली कोरडे पीठ पसरून बोटांनी थापत थापत फिरवायचा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या बेतात असताना भाकरी उलटायची. दोन क्षण उशीर झाला की चिरा पडतात. शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करून शेकली की ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. हे सगळे ताज्या पिठावर अवलंबून आहे. पीठ जुने झाले की कितीही गरम पाणी घाला, थापताना कडा फाटतात. ज्वारी कणगीत वर्षभर राहील, पण पीठ राहत नाही. म्हणून दळण पहाटे, रोज किंवा दिवसाआड. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, १९७२ साली ते स्थापन झाले तेव्हापासून, ज्वारीच्या कितीतरी जाती दिल्या. 'परभणी मोती' आहे, २०१८ मध्ये आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' आहे. दाणा सुधारला, पीक वाढले. पण दाण्यापासून घासापर्यंतचे शेवटचे अंतर कुणाला तरी रोज, नव्याने, हाताने कापावे लागते. आज केलेली भाकरी उद्याच्या भुकेला उपयोगी नाही, आज झाडलेले अंगण उद्याच्या पाचोळ्याला उपयोगी नाही.

या 'रोज, नव्याने' साठी आपल्या शास्त्रात एक चांगला शब्द आहे. मीमांसकांनी कर्मांचे प्रकार पाडले: नित्य, नैमित्तिक, काम्य, निषिद्ध. काम्य कर्म इच्छेपोटी, म्हणजे पाऊस पडावा, मूल व्हावे यासाठी. नैमित्तिक कर्म प्रसंगापोटी, ग्रहण लागले, मूल जन्मले की. नित्य कर्म मात्र संध्यावंदनासारखे. ते केले म्हणून वेगळे फळ नाही, पण चुकले तर दोष लागतो. त्याला प्रत्यवाय म्हणतात. ही व्याख्या वाचताना मला दर वेळी स्वयंपाकघर दिसते. घर स्वच्छ आहे म्हणून कुणी थांबून कौतुक करत नाही, कोपऱ्यात जळमट दिसले की मात्र लगेच बोलतात. वेळेवर वाढलेल्या हजार जेवणांची नोंद कुठे होत नाही, एक दिवस मीठ राहिले तर ते वर्षभर आठवणीत राहते. फळ काही नाही आणि चुकले तर दोष आहे: नित्यकर्माची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही. याच घरात वाढदिवसाला कुकरमध्ये मिठाच्या थरावर केक भाजला जातो, त्याचे फोटो काढले जातात, वाहवा होते. त्यात वाईट काही नाही, केक नैमित्तिक आहे आणि नैमित्तिकाला सोहळा शोभतो. पण भाकरीला कुणी टाळ्या वाजवत नाही, याचे कारण ती कमी कौशल्याची आहे असे नाही. ज्याने कुणी दोन्ही करून पाहिले आहे त्याला विचारा, केक जमायला लागेल एक रविवार, भाकरी जमायला जाते एक वर्ष.

आता नित्यकर्माचा दुसरा नियम बघा, कारण सगळा मुद्दा त्यावर आहे. संध्या दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. 'माझी आजची संध्या तू कर, मी जरा झोपतो' असे म्हणण्याची सोय शास्त्रात नाही. कुणी म्हणेल, पूजा तर आपण भटजींकडून करवून घेतोच की. पण नीट पाहिले तर तिथेही यजमानाला पाटावर बसावे लागते, संकल्पात त्याचे नाव-गोत्र येते, पाणी त्याच्या हातावरून सुटते. मीमांसेतही, यज्ञातले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याऐवजी दुसरे चालते, यजमानाच्या जागी दुसरा यजमान चालत नाही, असा विचार सविस्तर झाला आहे. म्हणजे पूजा ही अशी गोष्ट आहे की जिच्यात मदत घेता येते, पण स्वतः उठून जाता येत नाही. घरकामाला पूजा म्हणायचे तर हा नियमही घरकामाला लावावा लागेल. जो खातो तो या पूजेचा यजमान आहे आणि त्याचे पाटावर असणे त्यात गृहीत आहे.

जनाबाईच्या अभंगांत नेमके हेच घडते, म्हणून ते इतके महत्त्वाचे आहेत. तिने कामाचे गुणगान केलेले नाही. दळण गोड आहे, झाडणे आनंदाचे आहे, असे ती सांगत बसत नाही. ती सांगते की देव येऊन बसला. तो जात्याचा खुंटा धरतो, कांडू लागतो, पाणी भरतो, धुणे धुतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. गीतेने पान-फूल-पाण्याचा स्वीकार करणारा देव दाखवला, ज्ञानेश्वरीने १२९० च्या सुमारास स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराला पुजावे असे सांगितले. जनाबाई याच्या पुढे एक पाऊल टाकते. माझे काम मी तुला वाहते, एवढ्यावर ती थांबत नाही, माझे काम तूही कर, असे म्हणते. आणि या मागणीची किंमत परंपरेने लपवलेली नाही. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'मुळे घरोघर पोचलेल्या कथांत जनाबाईवर चोरीचा आळ येतो: रात्री तिच्या खोपटात येऊन राबलेला देव पहाटे घाईत आपले पदक विसरून जातो आणि तिची वाकळ पांघरून देवळात परततो. पदक तिच्याकडे सापडते, तिला सुळावर द्यायला नेतात, तिथे सुळाचे पाणी होते. कथेतल्या चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ती रचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मोलकरणीचे काम मालकाने केले असे सांगितले, तर गाव ते चमत्कार म्हणून स्वीकारण्याआधी चोरी म्हणून पाहील.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे. देव आला म्हणजे कोण आले? रात्री दोन वाजता एकटी बाई दळत बसली, तिला कुणाची सोबत नव्हती, म्हणून तिने सोबत कल्पिली. ही गुलामाची समजूत आहे आणि अशी समजूत मालकाच्याच सोयीची असते. आक्षेप घेणाऱ्याला मी एवढेच विचारेन की समजूत घालणारा धर्म साधारणपणे काय सांगतो? तो सांगतो, सोस, पुढच्या जन्मी फळ मिळेल, हे तुझ्या कर्माचे भोग आहेत. जनाबाईचा देव हे सांगत नाही. तो पाटी उचलतो. सोबत कल्पनेतली असेल, पण त्या कल्पनेने काम हलके-भारी ठरवण्याची उतरंड उलटी केली. ज्याच्या सगळे पाया पडतात त्याला ज्या कामाची लाज वाटत नाही, त्या कामाची लाज घरातल्या कर्त्या पुरुषाला वाटत असेल, तर त्याचे कारण त्याला आता देवाकडे मागता येणार नाही. याच जनाबाईच्या दुसऱ्या एका अभंगात ती पदर खांद्यावर टाकून भर बाजारात जायला निघते, हेही विसरू नये. जी बाई असे लिहिते तिला निमूटपणाची देवी करणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

गोदावरीच्याच काठी, पैठणला, एकनाथांनी सोळाव्या शतकात रोडग्याचे भारूड लिहिले. जाडजूड रोडगा गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात, राख झटकून फोडतात. आपल्या भागातले अस्सल भाजणे हेच. चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत आणि रोडगा आजही ठेवतात. भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करते, आणि मागते काय? सासरा जावा, सासू जावी, जाऊ, नणंद, एकेक करून सगळे नाहीसे व्हावेत आणि मला एकटीला राहू द्यावे. प्रवचनकार सांगतात की सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, आणि एकटे राहणे म्हणजे अद्वैत. हा अर्थ चुकीचा नाही, नाथांना तो हवाच होता. पण हे भारूड पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ज्या जोरात हसून ऐकले, ते अद्वैतासाठी नव्हे. रूपक चालते कारण त्याच्या पायाशी खरे घर आहे, जिथे दहा माणसे खाणारी आणि एक भाजणारी आहे. धर्माने या वरच्या अर्थाकडे फार लवकर धाव घेतली आणि खालची तक्रार तशीच राहिली. जनाबाई वेगळी ठरते ती इथेच. तिच्याकडे वरचा अर्थ आणि खालचा केर एकाच पाटीत आहेत.

घर नीटनेटके ठेवणे पवित्र आहे असे म्हणताना आणखी एक अडचण आहे आणि ती माझ्या मते पहिल्याहून मोठी आहे. स्वच्छतेच्या नावाखाली आपल्या समाजाने माणसांना दूर ठेवले. सोवळे म्हणजे धुतलेले वस्त्र, पण सोवळे म्हणजे कुणाची तरी सावली टाळणेही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहण्याची रीत घरोघर आहे, कारण केरसुणी ही लक्ष्मी. शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या हातांनी बांधली. लक्ष्मी घरात आली आणि ती बांधणारे हात वेशीबाहेर राहिले. याच वारकरी परंपरेत सोयराबाईने विटाळाचा प्रश्न देवापुढे थेट मांडला: विटाळातूनच देह घडतो, मग विटाळ नसलेला देह दाखवा. तेव्हा लख्ख घर हेच पवित्र घर असे कुणी म्हणत असेल, तर मी त्याला मनुस्मृतीतलाच एक विचार दाखवीन. ज्या ग्रंथाशी माझे बाकी पटत नाही त्यातला असला तरी तो अस्सल आहे. तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातले पाच कत्तलखाने सांगितले आहेत: चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. ही पंचसूना. यांच्यामुळे रोज किती तरी जीव मरतात, मुंग्या, किडे, दाण्यातले पोरकिडे. म्हणजे झाडल्याने माणूस शुद्ध होत नाही, ऋणी होतो. या ऋणाची फेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले: अध्यापन, तर्पण, होम, भूतबळी आणि अतिथीला जेवण.

पंचसूनेची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण ती गृहस्थाला त्याच्या स्वच्छतेचा गर्व करू देत नाही. पण तिच्यातच एक तडा आहे. पाचही हत्यारे घरातल्या बाईच्या हातात आणि पाचही यज्ञ पुरुषाच्या नावावर. संध्याकाळचा बळी बाईने द्यायचा, तोही मंत्राशिवाय, असे तोच अध्याय सांगतो. पाप घडते तिथे एक हात, फेड होते तिथे दुसरा. शास्त्राच्या स्वतःच्या हिशेबानेही हे जुळत नाही, कारण ज्याच्यासाठी चूल पेटली त्याचे ते पाप आणि म्हणून त्याचीच ती केरसुणी. परंपरेची निंदा करायला मी हे लिहीत नाही. परंपरेने मांडलेली बेरीज तिनेच अर्ध्यावर सोडली आणि गंगाखेडच्या एका बाईने ती पुढे नेली, हे दिसावे म्हणून लिहितो आहे.

याच परभणी जिल्ह्याशी आणखी एक जाते जोडले गेले आहे. पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान, असे मानणारे भक्त आहेत. शिर्डीकरांना ते मान्य नाही आणि २०२० च्या जानेवारीत त्यावरून मोठा वाद झाला. जन्म कुठेही झालेला असो, दाभोलकरांच्या 'श्री साई सच्चरिता'च्या पहिल्याच अध्यायात साईबाबा जाते मांडून गहू दळायला बसतात. गावभर बातमी होते. चार बायका पुढे होऊन खुंटा त्यांच्या हातून काढून घेतात आणि स्वतः दळू लागतात. दळून झाल्यावर त्या विचार करतात, बाबांना ना घर ना बायको ना मुले, यांना एवढे पीठ कशाला, आणि पिठाचे चार वाटे करतात. बाबा संतापतात. मग ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला सांगतात, आणि महामारी ओसरली अशी कथा आहे. ही कथा महामारीसाठी सांगितली जाते. मला त्यातला खुंट्याचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. पुरुष, त्यातही पूज्य पुरुष, जात्यावर बसला हे बायकांनाच पाहवेना. लहानपणापासून अंगात भिनलेला संस्कार त्यांनी पाळला. आणि त्यांचा हिशेबही बघा: ज्याला बायको-मुले नाहीत त्याला दळणाची गरज काय. दळण हे संसाराचे, परमार्थाचे नाही, ही समजूत त्यामागे आहे. साईबाबांनी दळण परमार्थाचे करून दाखवले, गावासाठी. गाडगेबाबांनी तेच खराट्याने केले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा क्रम त्यांनी आयुष्यभर, १९५६ पर्यंत पाळला. आधी केर, मग कीर्तन. पण त्यांच्याविषयी आदराने बोलणाऱ्या किती घरांत सकाळी बाप झाडतो?

इथे कामाच्या वाटणीचा आक्षेप येतो. तो शेतात राबतो, ती घरात, प्रत्येकाचे स्वकर्म वेगळे, यात अन्याय काय? वाटणी खरी असती तर मी गप्प बसलो असतो. परभणीच्या कोणत्याही शिवारात कापूस वेचायला कोण आहे, सोयाबीनमध्ये खुरपायला कोण आहे, ते डोळ्यांनी बघावे. ती शेतातही असते आणि चुलीपुढेही. तो शेतातून येऊन ओट्यावर टेकतो तेव्हा ती काटक्या मोडत असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले की देशात कोणत्याही दिवशी बिनपगारी घरकामात १०० पैकी ८१ बायका सहभागी असतात आणि पुरुष २६. सहभागी झालेल्या बाईचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. पाच तास म्हणजे पहाटेची काकडआरती, दुपारचे पारायण, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन मिळून जेवढा वेळ जाईल तेवढा. एखादा माणूस रोज एवढा वेळ देवापुढे बसला असता तर गावाने त्याला महाराज म्हटले असते. आणि पैसे देऊन बाई लावली तर? जनाबाई स्वतः तीच होती, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. मदत घेणे दोष नाही, आजारपण, म्हातारपण, नोकरी, हे सगळे खरे आहे. पण पगाराने श्रमाची किंमत चुकते, यजमानपण नाही. ताट उचलून ठेवायला लागणारा हात ज्याचा त्यालाच आहे.

हा विचार फक्त आपला आहे असेही नाही. जनाबाईच्या थोडे आधी, १२३७ साली, जपानच्या दोगेन या झेन आचार्याने मठातल्या आचाऱ्यासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. तरुणपणी चीनमधल्या एका मठात त्याने पाहिलेला प्रसंग त्यात आहे. भर उन्हात एक म्हातारा आचारी, पाठ वाकलेली, अळिंबी वाळत घालत होता. दोगेनने विचारले, हे काम एखाद्या मदतनिसाला का नाही सांगत? म्हातारा म्हणाला की दुसरा म्हणजे मी नव्हे. ऊन तरी उतरू द्या, असे म्हटल्यावर त्याने विचारले की मग कोणत्या वेळेची वाट पाहू. नित्यकर्माचे दोन्ही नियम त्या आचाऱ्याने दोन वाक्यांत सांगितले. दुसऱ्या बाजूला सिमोन द बोव्हारने १९४९ मध्ये घरकामाची तुलना डोंगरावर तोच धोंडा पुन्हा पुन्हा चढवणाऱ्या सिसिफसच्या शिक्षेशी केली. स्वच्छ झालेले पुन्हा मळते, मळलेले पुन्हा स्वच्छ करायचे. तिचे निरीक्षण बिनतोड आहे. पण म्हाताऱ्या आचाऱ्याचे कामही तितकेच पुन्हा पुन्हा येणारे होते. फरक इतकाच की तो मठाचा मान्यवर पदाधिकारी होता, त्याने ते पद स्वीकारले होते आणि त्याला नकार देता आला असता. पुनरावृत्तीने काम शिक्षा होत नाही, निवड नसण्याने होते. वारकरी दरवर्षी तीच वाट चालतो, त्याला कुणी सिसिफस म्हणत नाही.

कुणी असेही विचारेल की जाते गेले, गिरणी आली, मिक्सर आला, आता हा वाद कशाला. जाते गेले याचे दुःख कुणी करू नये. पहाटे तीन वाजता उठून शेरभर ज्वारी दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारल्याशिवाय तर मुळीच करू नये. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट गेली. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण उगाच पडलेली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसमध्येही १९९६ साली त्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि तिथल्या ओव्यांत सीतेचा वनवास आहे. ज्या बाईला दिवसभर बोलायला जागा नव्हती तिने जात्याच्या घरघरीत रामालाही जाब विचारला. घरकामातून धर्मविचार निपजतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. शास्त्र्यांनी पोथीवर जेवढा विचार केला त्याच्या तोडीचा विचार इथे पिठाच्या धुरळ्यात झाला आणि तो लिहून ठेवायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि मग पंगत. त्या दिवशी गावातली पुरुष मंडळी शर्टाच्या बाह्या दुमडून मोठ्या कढईपुढे उभी असतात, आमटी ढवळतात, चूल फुंकतात, वाढायला पळतात, उष्ट्या पत्रावळी उचलतात. कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही, कारण काम देवाचे आहे. म्हणजे हातांना हे काम येते आणि मनाला ते चालते. अनेक गावांत या पंगतीसाठी भाकरी घरोघरून येतात. सकाळी मुले टोपली घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरातून पाच-दहा भाकऱ्या फडक्यात बांधून मिळतात, कुठे पातळ, कुठे जाड, एखादी कडेला जळलेली. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांची आणि अन्नदात्यांची नावे छापलेली असतात आणि ती लाउडस्पीकरवरून पुन्हा वाचून दाखवतात. टोपलीतल्या भाकऱ्या तोपर्यंत एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. केराच्या त्या अभंगाच्या शेवटी जनी देवाला विचारते की तू माझे एवढे काम केलेस, आता तुझी उतराई मी कशी होऊ. पंगतीत बसलेल्याच्या ताटात भाकरी पडते तेव्हा तोच प्रश्न त्याच्यापुढेही येतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर उंबऱ्याशी केरसुणी असते.